पनवेलला बाप, महाडला आई

समजा, १९३० च्या सुमाराला पनवेल गावातला एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. भावांपासून वाटणी होऊन तो वेगळा राहत होता. बायको आधीच गेलेली, मुलगा नाही, मुलगी नाही, नातवंडांचा प्रश्नच नाही. म्हातारे आईबाप मात्र हयात. त्याचे घर आणि दोन एकर भातशेती कोणाच्या नावावर चढेल? उत्तर होते, बापाच्या. आता हाच गृहस्थ पनवेलऐवजी महाडला राहत असता, तर? तर घर आणि शेत आईकडे गेले असते. जिल्हा एकच, कुलाबा. सरकार, न्यायालय आणि धर्मही तेच. तरी खाली दक्षिणेकडे गेले की वारसाचा क्रम उलटा होई.

याचे कारण दोन संस्कृत ग्रंथांत होते. चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली ‘मिताक्षरा’ आईला आधी धरते. बापाला दुसऱ्या बायकोपासूनही मुले असू शकतात, आईचे नाते मात्र तिच्या पोटच्या मुलाशीच, म्हणून ती अधिक जवळची, असा त्यातला एक युक्तिवाद आहे. सतराव्या शतकात काशीत नीलकंठभट्टाने लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ बापाला आधी धरतो. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे; शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट नात्याने नीलकंठाचे चुलत पुतणे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण एवढ्या भागात, दोन्ही ग्रंथांत मतभेद असेल तिथे, मयूखाला वरचे स्थान दिले. उत्तर कोकण कुठे संपते हा मग साहजिकच भांडणाचा विषय झाला. उरणच्या करंजा बेटावर मयूख चालतो असे ठरले. पुढे १९१६ मध्ये महाडचे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले, तेव्हा मयूखाचे हे वर्चस्व चौल-नागोठण्याच्या खाली नेता येणार नाही, असा निर्णय झाला. पनवेल या रेषेच्या वर पडते.

ही गोष्ट पनवेलच्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती ठाऊक होती त्याच्या वकिलाला, कारण कायद्याची परीक्षा देताना त्याने एक पुस्तक पाठ केले होते. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या अशा पहिल्या पुस्तकांनी या मुलखातला कायदा जितका घडवला, तितका तो मोठमोठ्या टीकाग्रंथांनीही घडवला नसेल. ही पुस्तके आली कुठून, हे पाहायचे तर पेशवाई बुडाली तिथून सुरुवात करावी लागते.

१८१८ नंतर कंपनी सरकारपुढचा प्रश्न सरळ होता. मुलूख हातात आला, पण तिथले तंटे कोणत्या नियमाने तोडायचे? गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ मध्ये रेग्युलेशनांचा एक संच तयार झाला. त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनाने न्यायाधीशाला क्रम घालून दिला: आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर मुलखातली वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा, आणि काहीच सापडले नाही तर न्याय, समता आणि सद्‌सद्विवेक. वहिवाटीला इतके वर बसवले म्हटल्यावर ती कुठेतरी लिहिलेली हवी. म्हणून आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातीजातींत चौकशी करून त्यांच्या चालीरीतींचा सारसंग्रह केला. तोही १८२७ मध्येच निघाला, आणि त्याच वर्षी बॉरोडेलने केलेले व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. ही पुस्तके विद्यार्थ्यांसाठी नव्हती. ज्याला इथली भाषा, जात आणि धर्म यांतले काहीच कळत नाही अशा परक्या न्यायाधीशासाठी ती होती. तरी नवख्याला कायद्यात हात धरून नेण्याचे काम या मुलखात इथूनच सुरू झाले, कारण पहिला नवखा विद्यार्थी खुद्द न्यायाधीशच होता.

पुस्तकापेक्षा त्याचा भरवसा मात्र माणसावर होता. कोर्टात शास्त्री नेमलेला असे. न्यायाधीश प्रश्न लिहून पाठवी: अमुक मयत, अमुक नातेवाईक हयात, वारस कोण? शास्त्री आधारवचनासह उत्तर देई. त्याला व्यवस्था म्हणत. शास्त्र्यांचा हा पुरवठा आटू नये हाही पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचा एक उपयोग होता. या पद्धतीत वकिलाला धर्मशास्त्र वाचायची फारशी गरज नव्हती. ते वाचणारा माणूस सरकारी पगारावर शेजारच्या खोलीत बसलेला होता.

मग नऊ-दहा वर्षांत सगळे बदलले.

१८५५ मध्ये मुंबईत सरकारी लॉ स्कूल सुरू झाले. निवृत्त होऊन गेलेले सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या नावे लोकांनी जमवलेल्या निधीतून न्यायशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निर्माण झाली होती, आणि ती ‘पेरी प्रोफेसर’ म्हणून पुढे कित्येक पिढ्या ओळखली गेली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. १८५९ मध्ये दिवाणी कामाचा कायदा, १८६० मध्ये दंड संहिता, १८६१ मध्ये फौजदारी कामाचा कायदा झाला. १८६२ मध्ये जुनी सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत मोडून उच्च न्यायालय उभे राहिले. १८६४ मध्ये एका छोट्या कायद्याने कोर्टातले शास्त्री आणि मौलवी यांची पदे रद्द झाली. हा शेवटचा कायदा इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो, पण वकिलाच्या टेबलावर त्याने केलेली उलथापालथ मोठी होती. काल जे शास्त्र्याला विचारता येत होते ते आज वकिलाला स्वतः सांगणे भाग पडले, आणि न्यायाधीशाला ते तपासून घेणे.

ही पोकळी भरली रेमंड वेस्ट आणि योहान गेऑर्ग ब्यूलर या जोडीने. एक न्यायाधीश, दुसरा एल्फिन्स्टन कॉलेजातला संस्कृतचा जर्मन प्राध्यापक. जुन्या दप्तरांत पडलेल्या शास्त्र्यांच्या व्यवस्था त्यांनी गोळा केल्या, विषयवार लावल्या, आधारवचने तपासून त्यावर टिपा लिहिल्या आणि १८६७ ते १८६९ मध्ये हिंदू कायद्याचा ‘डायजेस्ट’ प्रसिद्ध केला. शास्त्री गेले, पण त्यांची उत्तरे उरली. मुंबई इलाख्यातल्या वकिलाच्या कपाटात हा ग्रंथ पुढे पन्नास वर्षे तरी असायचाच.

त्याला एतद्देशीय उत्तर आले ते १८८० मध्ये. दापोलीजवळच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक उच्च न्यायालयातले नामवंत वकील होते. त्यांनी व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती यांची मूळ संहिता व नवे इंग्रजी भाषांतर छापले, आणि जोडीला निरनिराळ्या जातींना प्रश्न पाठवून त्यांच्या खऱ्या चालीरीती काय आहेत याची माहितीही गोळा करून दिली. ग्रंथात एक लिहिलेले असते आणि गावात दुसरे चालते, हे कोकणातल्या वकिलाला सांगावे लागत नाही. मंडलिकांचे ते पुस्तक जाडजूड होते आणि विद्यार्थ्याला परवडण्याजोगे मुळीच नव्हते.

संहितांचा वाटा वेगळा. दंड संहितेचा मूळ मसुदा १८३७ मध्ये मेकॉलेच्या देखरेखीखाली झाला, आणि त्याने केलेली एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या फार कामी आली. प्रत्येक अवघड कलमाखाली त्याने छोटी उदाहरणे घातली. चोरी म्हणजे काय हे सांगणाऱ्या कलमाखाली एक मनुष्य खिशात कुत्र्याला आवडणारे आमिष ठेवतो, दुसऱ्याचे कुत्रे त्याच्यामागून चालू लागते, आणि ते चालू लागले की चोरी पूर्ण होते. दुसरा एक जण हमरस्त्यावर पडलेली, कोणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलतो. ती चोरी नाही, पण दुसरा गुन्हा होऊ शकतो. कायद्याच्या पोटातच पाठ्यपुस्तक घालून देणारा हा प्रकार इंग्लंडमध्येही नव्हता. पुढे १८७२ चा पुराव्याचा कायदा तयार करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तर त्याच वर्षी त्या कायद्याला मोठी प्रस्तावना लिहून स्वतंत्र पुस्तक काढले. पुरावा म्हणजे काय, अनुमान कसे काढतात, हे त्यात त्यांनी इंग्लंडमधले गाजलेले खुनाचे खटले उलगडून सांगितले. कायदा करणाऱ्यानेच तो शिकवायला बसावे, असे नंतर फारसे घडले नाही.

मुंबई विद्यापीठातून १८६६ मध्ये एलएल.बी. झालेल्या महादेव गोविंद रानडे यांच्या पिढीपुढे हे असे सगळे मिसळलेले ताट होते: इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली पुस्तके, कोऱ्या करकरीत संहिता, आणि संस्कृत ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे. लॉ स्कूलचे वर्गही दिवसभराच्या कामधंद्यातून वेळ काढून यावे असे अर्धवेळचे. मुंबईबाहेरच्या मुलाला तेवढेही मिळत नव्हते. त्याला जिल्हा वकिलीची किंवा हायकोर्ट वकिलीची सनद घ्यायची तर परीक्षा होती, वर्ग नव्हता.

तो वर्ग पुण्यात काढला बाळ गंगाधर टिळकांनी. १८७९ मध्ये ते एलएल.बी. झाले, पण त्यांनी वकिली केली नाही. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर संसार चालवायला जे दोन-तीन आधार होते त्यांतला हा लॉ क्लास एक. ‘केसरी’ तेव्हा कर्जात होता. हिंदू कायदा टिळक स्वतः शिकवत. संस्कृत आणि गणित या दोन्हींत मुरलेला शिक्षक वारसाहक्काची कोडी सोडवायला बसला की विद्यार्थ्यांची चैन असणार. साताऱ्याला वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर १८९६ मध्ये पुण्याला आले ते या क्लासला आणि वर्तमानपत्रांना मदत करण्यासाठी. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. राजद्रोहाचे, दंड संहितेतले १२४-अ हे कलम १८६० च्या कायद्यात नव्हते. ते १८७० मध्ये घातले गेले, आणि घालणारे पुन्हा तेच स्टीफन. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगताना ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सजा दिली. हा निकाल रिपोर्टात छापून आला आणि तिथून कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात शिरला. काल जे टिळकांसमोर बाकावर बसत होते, त्यांच्या धाकट्या भावांना परीक्षेत ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ यावर टीप लिहावी लागली.

राजद्रोहाच्या कलमांशी पनवेलचे नाते त्याहून जुने होते, आणि ते पुस्तकातून आलेले नव्हते. पनवेलजवळच्या शिरढोणला १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ मध्ये पुण्याला खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका उभे राहिले. जन्मठेपेवर फडके एडनला गेले आणि १८८३ मध्ये तिथेच वारले. त्याच १८८३ मध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाब्याला जोडला गेला. म्हणजे वकिलांचे येणेजाणे ठाण्याऐवजी अलिबागकडे वळले.

विद्यार्थ्यांच्या पुस्तकांना त्यांचा आजचा घाट मिळाला तो १८९५ ते १९१५ या वीस वर्षांत, आणि मुंबईच्या फोर्ट ते काळबादेवी एवढ्या टापूत. यातली दोन घराणी आजही वकिलांच्या तोंडी आहेत, जणू ती माणसे नसून पुस्तकेच होती.

पहिले रतनलाल आणि धीरजलाल. रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर या दोघा गुजराती वकिलांनी १८९६ मध्ये गुन्ह्यांच्या कायद्यावर आणि १८९७ मध्ये अपकृत्यांच्या कायद्यावर पुस्तके काढली, आणि १८९९ मध्ये ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केला. यात धंद्याची मोठी अक्कल होती. उच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या हाती ताजे येत, ते रिपोर्टात छापत, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांचा निष्कर्ष कलमाखाली दोन ओळींत बसवत. वकिलासाठी जाड ग्रंथ, विद्यार्थ्यासाठी त्याचीच बारीक आवृत्ती. त्या बारीक आवृत्तीत कलम, मग ‘कॉमेंट’, मग खटले, अशी रचना असे. पोराला परीक्षेत जे लिहायचे ते सगळे, आणि न लिहायचे ते काहीच नाही.

दुसरे सर दिनशा फर्दुनजी मुल्ला. जन्म १८६८, पारशी, आधी सॉलिसिटर, मग वकील, पुढे लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्याबरोबर त्यांनी १९०५ मध्ये कराराच्या कायद्यावर भाष्य काढले. ते आजही ‘पोलॉक अँड मुल्ला’ याच नावाने ओळखले जाते. मुसलमानी कायद्यावरचे पुस्तक त्याच सुमाराचे, आणि १९१२ मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ हिंदू लॉ’. या शेवटच्या पुस्तकात मुल्लांनी केले ते धाडसच होते. हिंदू कायदा कोणी संहितेत बांधलेला नव्हता; तो स्मृती, टीका, व्यवस्था, चाली आणि निकाल यांच्यात विखुरलेला होता. मुल्लांनी तो क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत मांडला, खाली उदाहरणे दिली, खाली निकाल. वाचणाऱ्याला वाटावे की हा कायदेमंडळाने केलेला कायदाच आहे. आरंभी सांगितलेली चौल-नागोठण्याची रेषा पुढच्या आवृत्त्यांत शाखांच्या प्रकरणात दोन ओळींत मावली.

याचा फायदा उघड होता. अलिबागच्या कोर्टात उभा राहणारा वकील मंडलिकांचा ग्रंथ न उघडता पाच मिनिटांत वारस सांगू शके. तोटा हळूहळू झाला. स्टीलने आणि मंडलिकांनी टिपून ठेवलेली जातीजातींतली विविधता मुल्लांच्या क्रमांकांत बसत नव्हती. जी चाल परिच्छेदात नाही ती सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर विसंबणाऱ्यावर पडे, आणि आगरी-कोळी-कुणब्याच्या घरातली चाल कागदावर कधी आलेलीच नसे. न्यायाधीशही याच पुस्तकावर शिकलेले. विद्यार्थ्यासाठी केलेले सोपे रूप बघता बघता निकालांत आधार म्हणून उद्धृत होऊ लागले, ते निकाल पुढच्या आवृत्तीत आले, आणि पुस्तकाने स्वतःलाच दुजोरा दिला. मुल्लांचा दोष म्हणता येणार नाही. इतके चांगले पुस्तक लिहिल्याचा तो परिणाम होता.

याच काळात एक माणूस उलट्या दिशेने चालला होता. पांडुरंग वामन काणे, रत्नागिरी जिल्ह्यातले, १९११ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकील, आणि १९१७ ते १९२३ या काळात सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक. व्यवहारमयूखाची चांगली संहिता विद्यार्थ्यांना आणि वकिलांना उपलब्ध नव्हती, म्हणून त्यांनी ती संपादायला घेतली. १९२६ मध्ये भांडारकर संस्थेने ती छापली. काण्यांना प्रस्तावनेत धर्मशास्त्राच्या इतिहासाची थोडी ओळख करून द्यायची होती. ती ओळख प्रस्तावनेत मावेना. तिचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाला: पहिला खंड १९३०, पाचवा १९६२, साडेसहा हजारांच्या आसपास पाने, आणि १९६३ मध्ये भारतरत्न. उत्तर कोकणच्या वारसाहक्काचा ग्रंथ नीट छापावा एवढ्या कामातून हे सारे निघाले, ही गोष्ट पनवेलकरांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही.

पुण्यात १९२४ मध्ये इंडियन लॉ सोसायटीचे लॉ कॉलेज निघाले. त्याचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनीही मिताक्षरा, मयूख आणि इतर धर्मग्रंथांची भाषांतरे मालिका काढून छापली. मुंबईला न जाता वकील होण्याची सोय यामुळे देशावरच्या मुलांना झाली. पनवेलच्या मुलाला दोन्ही बाजू सारख्याच: बोरघाट चढून पुणे, नाहीतर खाडी ओलांडून मुंबई.

मुंबईच्या लॉ कॉलेजात १९३५ मध्ये प्राचार्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि तीन वर्षे राहिले. इलाख्यातले कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी १९३६ मध्ये कॉलेजच्या नियतकालिकात लेख लिहिला. कायद्याच्या विद्यार्थ्याला नुसते कायदे पढवून भागत नाही, कायद्याच्या शेजारचे विषयही त्याच्या अभ्यासात हवेत, हा त्यांचा आग्रह होता. परीक्षेपुरते वाचून बाहेर पडणारा वकील त्यांना नको होता. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कुलाबा आणि रत्नागिरीतल्या कुळांच्या दृष्टीने लॉ कॉलेजच्या प्राचार्यांनी केलेले हे काम त्यांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मोलाचे होते.

स्वातंत्र्यानंतर पाया पुन्हा हलला. १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, दत्तक आणि पालकत्व यांचे हिंदू कायदे झाले. मुल्लांच्या हिंदू कायद्यातला मोठा भाग एका दमात जुना झाला. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने जमिनीचे कज्जे वारसाहक्काकडून कसणाऱ्याच्या हक्काकडे वळवले. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने जिल्हा वकील, हायकोर्ट वकील, मुखत्यार हे सारे दर्जे पुसून सगळ्यांना ‘अॅडव्होकेट’ केले. पदवी हवी, कॉलेज हवे, परीक्षा हवी. आणि परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढतच गेली.

या गर्दीला नावाजलेले टीकाग्रंथ वाचायला वेळ नव्हता. दिवसा कचेरीत कारकुनी, सकाळ-संध्याकाळ कॉलेज. त्यांच्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सी. जमनादास आणि कंपनीने प्रा. नोशिरवान झाबवाला यांची मालिका काढली. विषयागणिक एक पातळ पुस्तक, सोपे इंग्रजी, मुद्दे, निवडक निकाल. मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी ‘करार वाचला का?’ असे विचारत नाही, ‘झाबवाला झाला का?’ असे विचारतो. विद्वान प्राध्यापक या पुस्तकांना नाके मुरडतात. पण आज कोकणातल्या तालुका कोर्टांत बसलेल्या वकिलांपैकी पुष्कळांनी कायद्याचे पहिले पान याच पुस्तकात उघडले, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी कायद्याची भीती घालवणारे दुसरे काही हाताशी नव्हते. ग्लॅनव्हिल विल्यम्स यांचे ‘लर्निंग द लॉ’ हे १९४५ मध्ये इंग्लंडात निघालेले, कायदा कसा शिकावा ते सांगणारे छोटे पुस्तक प्राध्यापक सुचवतात. त्याचा नायक मात्र केंब्रिजमधला विद्यार्थी आहे. पनवेलच्या मुलाला लागते ते उद्याच्या पेपरात पाच गुणांची टीप कशी लिहावी हे.

रतनलाल-धीरजलाल टिकले ते संपादक बदलत गेल्यामुळे. दीर्घकाळ त्यांच्या आवृत्त्या माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड आणि नागपूरचे व्ही. आर. मनोहर यांच्या नावाने निघत राहिल्या. पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकलेला विद्यार्थी देशाचा सरन्यायाधीश होतो आणि निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांचे पुस्तक सुधारायला बसतो, यात एक गोडी आहे.

आणि पनवेल? इथल्या वकिलीला १९७० नंतर वेगळेच वळण लागले. सिडको आली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणमधल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, आणि १८९४ चा भूसंपादन कायदा घराघरात शिरला. जासईचे दि. बा. पाटील स्वतः वकील होते. पनवेलचे आमदार, पुढे खासदार. वकिलांच्या खोलीत शिकलेले कायद्याचे ज्ञान त्यांनी रस्त्यावर उतरवले. जानेवारी १९८४ मधल्या उरणच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे सूत्र आले. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात हे सूत्र बराच काळ नव्हते. ते शासननिर्णयांत, सिडकोच्या परिपत्रकांत आणि जुन्या सातबाऱ्यांत होते, आणि पनवेलचा नवशिका वकील ते ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली शिकला.

भाषेचे घोडे मात्र बरेच दिवस अडलेले होते. १९६४ मध्ये राजभाषा कायदा झाला. भाषा संचालनालयाने कायद्यांचे मराठी अनुवाद आणि न्यायव्यवहार कोश केला. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनांनी जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. साक्षीदार मराठीत बोलतो, उलटतपासणी मराठीत होते, अशीलही मराठीत रडतो. वकिलाने कायदा मात्र इंग्रजीत शिकलेला. ही दरी पुण्याच्या आणि औरंगाबादच्या प्रकाशकांनी ओळखली. हिंद लॉ हाऊस, नाशिक लॉ हाऊस, अजित प्रकाशन अशांची खिशात मावणारी मराठी कायद्याची पुस्तके तालुका कोर्टाच्या आवारात वकिलांपासून पोलीस हवालदारांपर्यंत सगळ्यांच्या हाती दिसतात. त्यातली भाषा अनेकदा मूळ इंग्रजीपेक्षा अवघड असते. तरीही ती खपतात.

१९९८ मध्येच लोकल पनवेलपर्यंत आली आणि काळबादेवीची पुस्तकांची दुकाने एका तिकिटाच्या अंतरावर आली. पुढे नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीत भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय सुरू झाले, आणि कायदा शिकायला घाट किंवा खाडी ओलांडायची गरज उरली नाही. कायद्याच्या प्रवेशासाठी राज्याने सीईटी सुरू केली तेव्हा प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही आली.

१ जुलै २०२४ ला दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा हे तिन्ही पायउतार झाले आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, चारशेवीस ३१८ मध्ये गेले, टिळकांवर लावलेले १२४-अ नाहीसे झाले आणि त्याच्या आसपासचे काही १५२ मध्ये वेगळ्या शब्दांत आले. चोरीच्या कलमाखालचे ते आमिषामागे चालणारे कुत्रे मात्र नव्या संहितेतही आहे. प्रकाशकांनी वर्षभर जुन्या-नव्या कलमांचे तक्ते विकले. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्यांना शिक्षा जुन्या दंड संहितेनेच होणार असल्यामुळे पनवेल न्यायालयात पुढची अनेक वर्षे दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालतील, आणि आज पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही पुस्तके विकत घ्यावी लागतील.